आराखड्याआधीची सभा



 विषय निवडण्याची मोकळीक या व्याख्यानमालेच्या चालकांनी दिली तेव्हा मी असा विषय घेतला की जो प्रत्येकाच्या दारासमोरच्या रस्त्यापर्यंत येऊन पोहोचतो, आणि ज्याच्याविषयी आपण मात्र क्वचितच स्वस्थपणे विचार करतो. आपल्या गावचा, आपल्या प्रभागाचा आराखडा कोणी करावयाचा, त्यात रहिवाशांनी कोठे व कसे बोलावयाचे, आणि त्यांच्या बोलण्याला कारभारात काय स्थान असावयाचे, हा तो विषय होय.

लोकांना विचारावे, हे तत्त्व आज कोणीही नाकारीत नाही. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत आणि तलाठ्याच्या चावडीपासून मंत्रालयापर्यंत ते मुखाने सर्वांना मान्य आहे. परंतु विचारण्याची वेळ कोणती, विचारताना हाती काय द्यावे, आणि विचारल्यानंतर त्या उत्तराचे काय करावे, या तीन गोष्टींवर त्या तत्त्वाचे सारे सामर्थ्य अवलंबून असते, आणि नेमक्या याच तीन गोष्टींत आपला कारभार ढिला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, तयार झालेल्या आराखड्यावर हरकत नोंदविण्याची मुभा ही सहभागाची फार तर शेवटची पायरी होय. आराखडा ज्या प्रश्नांतून जन्म घेतो ते प्रश्न ठरविण्यातच रहिवाशाला वाटा असला पाहिजे, आणि तो वाटा देण्याजोगी सभा गावात काहीशी उभी राहिली आहे, शहरात मात्र ती अद्याप उभीच राहावयाची आहे.

सभेची परंपरा आपल्याकडे जुनी आहे; पण तिच्याकडे अभिमानाने पाहण्याआधी डोळसपणे पाहिले पाहिजे. मराठी अंमलात वतनाचा, शिवेचा किंवा मानपानाचा तंटा उभा राहिला म्हणजे गोतसभा किंवा मजलस भरे, वादी-प्रतिवादींच्या तकरीरा घेतल्या जात, साक्षीमोजे होई, आणि झालेला निवाडा महजरावर, म्हणजे निवाडपत्रावर, लिहून त्याच्यावर हजर असलेल्यांची नावे व निशाण्या पडत. पाटलाची निशाणी नांगर असे, आणि बलुतेदार आपापल्या धंद्यातील हत्याराची आकृती काढीत. वतनदार या नात्याने महारांच्या निशाण्याही अशा कागदांवर आढळतात. सभा कोणाकोणाच्या समक्ष झाली हे कागदावर राहिले पाहिजे, ही त्या पद्धतीतील शहाणपणाची गोष्ट आजही शिकण्याजोगी आहे. तथापि कागदावर निशाणी उमटली म्हणजे बैठकीत बरोबरीचे आसन मिळाले असे नव्हे. ज्याच्या स्पर्शाचा विटाळ मानला जाई त्याची निशाणी घेणारी ती सभा समतेची सभा नव्हती, आणि स्त्रियांचा तर अशा बैठकींत सहसा मागमूसही नसे.

हीच उणीव ध्यानात घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1932 साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना अस्पृश्यवर्गाच्या प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला, आणि 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना राज्यरचनेचा घटक गाव नसून व्यक्ती आहे, याविषयी समाधान व्यक्त केले. त्यानंतर त्याच महिन्यात ग्रामपंचायतींच्या संघटनेचे मार्गदर्शक तत्त्व घटनेत समाविष्ट झाले आणि ते आज अनुच्छेद 40 म्हणून आपल्यासमोर आहे. या दोन भूमिकांपैकी एक खरी व एक खोटी असे मानण्याचे कारण नाही. स्थानिक सभेला अधिकार द्यावा आणि त्याच वेळी त्या सभेत दुर्बलाचे तोंड दाबले जाणार नाही याची तजवीज कायद्याने करावी, असाच दोहोंचा एकत्रित अर्थ निघतो. सभेचा विचार करताना आंबेडकरांचा हा इशारा ज्याने दृष्टीआड केला, त्याने सभा म्हणजे गावातील चार बलवंत घरे असे समीकरण पत्करल्यासारखे होते.

व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या 18 मे 1882 च्या ठरावापासून स्थानिक स्वराज्याचा आधुनिक इतिहास मोजण्याची प्रथा आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम आणि 1 मे 1962 पासून अंमलात आलेली जिल्हा परिषद व पंचायत समिती यांची रचना हे त्यातील मोठे टप्पे होत. परंतु या सर्व काळात निवडून आलेल्या सदस्यांची सभा हाच कारभाराचा गाभा राहिला, आणि मत देणारा सामान्य रहिवासी निवडणुकीनंतर पाच वर्षे प्रेक्षक बनला. 73 व्या व 74 व्या घटनादुरुस्त्या 1993 साली अंमलात आल्या आणि त्यांनी एक मूलभूत भेद निर्माण केला. गावासाठी घटनेने ग्रामसभा सांगितली, म्हणजे मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येकाची सभा. शहरासाठी मात्र तीन लाख व त्याहून अधिक लोकवस्तीच्या ठिकाणी प्रभाग समिती सांगितली, म्हणजे पुन्हा निवडलेल्यांचीच एक लहान बैठक. गावचा माणूस सभेचा सदस्य झाला आणि शहरचा माणूस समितीचा अर्जदार राहिला. आपल्या आजच्या पुष्कळशा अडचणी या एका भेदातून उगम पावल्या आहेत.

आता गावाकडे पाहू. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या वर्षाकाठी किमान चार बैठका झाल्या पाहिजेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर हे दिवस आता रूढ झाले आहेत. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक जमले म्हणजे गणपूर्ती होते. ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असेही कायदा सांगतो. या नियमांची भाषा निर्दोष आहे. पण प्रत्यक्षात काय घडते ते आपण सर्व जाणतो. दवंडी फिरते तेव्हा विषयांची यादी कोणाच्या हाती नसते. सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते आणि तहकूब सभा मूठभरांत उरकते. प्रोसिडिंगची वही घरोघर फिरवून सह्या गोळा होतात. महिला सभेचे इतिवृत्त पुष्कळदा तिच्यात न बसलेल्या पुरुषाच्या हातचे असते. सभा झाली असे दप्तर सांगते आणि सभा झाली नाही असे गाव सांगते. सहभाग निष्फळ आहे असे म्हणणारे या स्थितीचा दाखला देतात. परंतु ज्या गोष्टीचा प्रयोगच झाला नाही तिचा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय होय.

जेथे प्रयोग झाला तेथे काय झाले ते पाहणे अधिक उपकारक आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे शंभराच्या आसपास घरांचे गोंड वस्तीचे गाव. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, या त्याच्या घोषणेमुळे ते गाव सर्वदूर ज्ञात झाले. पण घोषणेपेक्षा त्याची कार्यपद्धती अधिक अभ्यसनीय आहे. तेथे बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एखाद्याचा विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो, आणि मधल्या काळात त्याच्याशी बोलणे चालू राहते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, निर्णय करणाऱ्या ग्रामसभेपासून वेगळा असा अभ्यासगट तेथे असतो. त्यात बाहेरचा जाणकार येऊन बसू शकतो, कायदा समजावून सांगू शकतो, जंगलाची, बांबूची, पाण्याची माहिती देऊ शकतो, पण निर्णय त्याने करावयाचा नसतो. जाणण्याची जागा वेगळी आणि ठरविण्याची जागा वेगळी, पण दोन्ही गावातच, अशी ही योजना आहे. वनहक्क कायदा 2006 साली झाल्यानंतर या गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाना-पुस्तक तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिले. वर्षानुवर्षे सभेत बसण्याची, ऐकण्याची व थांबण्याची सवय ज्या गावाला होती, त्याच गावाला मिळालेला हक्क पेलता आला.

कोणी म्हणेल की मेंढा हे लहान व एकजिनसी गाव आहे, त्याचा दाखला सर्वांना कसा लागू पडावा? तर अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण घ्यावे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली अवर्षणग्रस्त पट्ट्यातील त्या गावाने पाणलोटाची कामे केली हे सर्वश्रुत आहे. परंतु बंधारे पुष्कळ गावांनी बांधले. हिवरे बाजारने त्यापुढे जाऊन सिंचनासाठी विंधन विहिरी घेण्यास आळा घातला, आणि पावसाचे मोजमाप करून उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवण्याचा शिरस्ता पाडला. प्रथम पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, मग शेतीचे, असा हिशेब मांडून कोणती पिके घ्यावयाची व कोणती टाळावयाची हे सर्वांसमक्ष ठरते. येथे आराखड्याआधी सभेच्या हाती आकडा असतो, आणि तो आकडा गावातील पर्जन्यमापकाचा असल्यामुळे त्याच्याविषयी वाद घालण्यास कोणाला जागा नसते. ज्याला माहिती मिळते तो मागणीबरोबर मर्यादाही मान्य करतो, ही या गावची शिकवण होय. रहिवाशांना विचारले तर ते फक्त मागण्याच करतील, अशी जी भीती अधिकारीवर्ग नेहमी बोलून दाखवितो, तिचे हे प्रत्यक्ष उत्तर आहे.

चौदाव्या वित्त आयोगाने 2015 ते 2020 या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामपंचायतींना दोन लक्ष कोटी रुपयांहून अधिक निधी थेट देण्याची शिफारस केली, आणि त्या निधीच्या विनियोगासाठी महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने ग्रामपंचायत विकास आराखडे होऊ लागले. या कामी शिवारफेरी, गटचर्चा आणि रांगोळीने जमिनीवर काढावयाचा गावनकाशा ही जी साधने सुचविली गेली, त्यांचे मोल मोठे आहे. कागदी नकाशापुढे अक्षरशत्रू स्त्री गप्प बसते. पण देवळासमोरच्या पटांगणात रांगोळीचा नकाशा काढू लागताच पाणवठा कोठे, अंधाराची वाट कोणती, नळाचे पाणी कोणत्या आळीपर्यंत येते व कोणत्या आळीत येत नाही, हे ती पुढे होऊन दाखविते. सहभाग म्हणजे भाषण करता येणे, असे मानले तर वक्तृत्व असणाऱ्या पाच जणांपलीकडे तो जाणार नाही. ज्याला भाषण येत नाही त्यालाही आपले ज्ञान मांडता यावे अशी रीत शोधणे, हे सभा चालविणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

दारूच्या दुकानाविषयी 2008 च्या शासन आदेशाने जी पद्धत घालून दिली तीही या संदर्भात उल्लेखनीय आहे. गावातील वा प्रभागातील 25 टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी लेखी मागणी केली, तर गुप्त मतदान घ्यावयाचे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे. आणि मतदान करणाऱ्यांच्या नव्हे तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद करावयाचे. अट कडक आहे, आणि ती अपुरी पडल्यामुळे काही ठिकाणी स्त्रियांचे श्रम वायाही गेले. तरीसुद्धा जेथे सभेत उघडपणे हात वर करणे घरच्या धाकामुळे अशक्य असते, तेथे गुप्त मतदानाने स्त्रीला निर्णयाचा अधिकार वापरता आला, ही साधी गोष्ट नव्हे. प्रत्येक निर्णयाला एकच रीत लावू नये. कोठे सहमती, कोठे गुप्त मत, कोठे नकाशा, ज्या रीतीने दुर्बलाला निर्भयपणे बोलता येईल ती रीत खरी.

आता शहराकडे वळतो, आणि येथे मला काही आकडे मांडले पाहिजेत. 2011 च्या खानेसुमारीप्रमाणे महाराष्ट्राची ग्रामीण लोकसंख्या सुमारे 6 कोटी 16 लक्ष आणि ग्रामपंचायती सुमारे 28 हजार. म्हणजे सरासरीने बावीसशे माणसांमागे एक ग्रामसभा. त्याच खानेसुमारीत बृहन्मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लक्ष आणि तेथील तेव्हाचे प्रशासकीय विभाग 24. म्हणजे सरासरीने पाच लाखांहून अधिक माणसांमागे एक विभाग कचेरी. पाच लाख माणसांच्या प्रदेशाला शेजार म्हणता येणार नाही. तेथील प्रभाग समितीत नगरसेवक बसतात, अशासकीय संस्थांच्या काही प्रतिनिधींची नेमणूक होऊ शकते, परंतु रहिवाशाला हक्काने बसता येईल असे आसन नाही. 2022 पासून राज्यातील बहुतेक मोठ्या महानगरपालिकांच्या निवडणुका काही वर्षे लांबल्या आणि प्रशासकांच्या हाती कारभार राहिला, तेव्हा ते समितीचे माध्यमही नाहीसे झाले. त्याच काळात गावची ग्रामसभा मात्र, पंचायतीवर प्रशासक असला तरी, मतदारयादीच्या बळावर अस्तित्वात राहू शकत होती. निवडलेल्यांची समिती निवडणुकीबरोबर लुप्त होते. मतदारांची सभा लुप्त होऊ शकत नाही.

शहरी नियोजनात रहिवाशाला अधिकृतपणे विचारले जाते ते 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 26 अन्वये. प्रारूप विकास आराखडा तयार होतो, नियोजन प्राधिकरण त्याची नोटीस प्रसिद्ध करते, आणि ठराविक मुदतीत हरकती व सूचना मागविल्या जातात. नंतर स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जाणकार यांची नियोजन समिती सुनावणी घेते. ही तरतूद आपल्या ठिकाणी न्याय्य आहे. परंतु त्या वेळी आरक्षणे पडलेली असतात, रस्त्यांच्या रेषा ओढलेल्या असतात, आणि रहिवासी धावत येतो तो आपले घर, आपले दुकान, आपली भिंत त्या रेषेतून वाचविण्यासाठी. त्याने शहराचा विचार करावा अशी अपेक्षा ठेवून आपण त्याला अशा क्षणी बोलावतो की, जेव्हा त्याला स्वतःपलीकडे पाहणे शक्यच नसते. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर 2013 साली सुमारे 87 हजार हरकती व सूचना आल्या. एकेकीला पाच मिनिटे दिली आणि दिवसाचे आठ तास बसले, तरी नऊशे दिवस लागावेत. अशा सुनावणीत कोणी कोणाचे मन लावून ऐकावे? पुढे 2015 साली तो आराखडा शासनाने आपल्याकडे घेतला, आणि ज्यांच्या हरकती होत्या त्यांच्यापासून निर्णय आणखी एक मजल दूर गेला.

मुंबईचा 2034 पर्यंतचा आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या, आणि त्यातील चुका इतक्या उघड होत्या की एप्रिलमध्येच तो बाजूला ठेवून नव्याने करण्याचा आदेश शासनाला द्यावा लागला. सुधारलेला आराखडा 2016 मध्ये आला व 2018 मध्ये मंजूर झाला. या काळात मुंबईकरांनी जी जागरूकता दाखविली ती गौरवास्पद आहे. कोळीवाडे, गावठाणे, झोपडवस्त्या यांची जमीन वापराच्या नोंदींत यथार्थ दखल घ्यावी म्हणून रहिवाशांच्या गटांनी गल्लोगल्ली जाऊन नकाशे ताडून पाहिले. रेषा ओढण्यापूर्वी जर प्रत्येक वस्तीत अशी रुजुवात झाली असती, तर आराखडा मागे घेण्याची नामुष्की ओढवली नसती आणि तीन वर्षेही गेली नसती. लोकांना विचारल्याने काम लांबते, असा एक प्रवाद आहे. मुंबईचे उदाहरण सांगते की न विचारल्याने ते अधिक लांबते.

पुणे महानगरपालिकेने 2006 साली अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग हा उपक्रम सुरू केला, त्याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. क्षेत्रीय कार्यालयातून अर्ज मिळतो, आपल्या भागातील पाच लाख रुपयांपर्यंतचे काम सुचविता येते, आणि निवडलेली कामे अंदाजपत्रकात जातात. पदपथ, दिवे, बसथांबे, बाके अशी ही कामे असतात, व ती क्षुद्र नाहीत, कारण रहिवाशाचे दैनंदिन जीवन त्यांच्याच आधाराने चालते. पण ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे या शहराने 1989 पासून जी पद्धत चालविली, तिचा गाभा वस्तीवस्तीतील सभा हा होता. तेथे लोक एकमेकांच्या मागण्या ऐकत आणि कोणाची गरज आधी याचा निवाडा आपसांत करीत. अर्ज भरणारा नागरिक एकटा असतो. त्याची मागणी शेजारच्या वस्तीच्या मागणीशी कधी समोरासमोर येत नाही. अर्जाला सभेची जोड मिळाली तर पुण्याचा हा उपक्रम देशाला मार्गदर्शक होईल, असा माझा विश्वास आहे.

आणि अशी सभा कायद्यात नाही असेही नव्हे. काही मतदानकेंद्रांच्या टापूपुरती मतदारांची क्षेत्रसभा भरवावी, अशी तरतूद महाराष्ट्राच्या महानगरपालिका कायद्यांत 2009 साली करण्यात आली. त्यानंतर दीड दशक उलटून गेले, परंतु नियमितपणे भरणारी क्षेत्रसभा शहरवासीयांना पाहावयास मिळाली नाही. घाटकोपरच्या जोशी लेनमधून निघालेली परिसर व्यवस्थापनाची चळवळ मुंबई महानगरपालिकेने 1997 च्या सुमारास अंगीकारली, आणि पुष्कळ गल्ल्यांत कचरा वर्गीकरण व स्वच्छता यांचे चांगले काम झाले. त्यावरून शहरातील माणूस एकत्र येत नाही हे म्हणणे खोटे ठरते. मात्र अशा गटांत इमारतींतले लोक येतात आणि झोपडपट्टीतले येत नाहीत, ही त्यांची मर्यादा आहे. मतदारयादीवर उभी असलेली क्षेत्रसभा दोघांनाही एका सतरंजीवर बसविते, म्हणून ती हवी.

गोमंतकाचा अनुभव या सर्वांहून तीव्र आहे. तेथे 2006 साली अधिसूचित झालेल्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध गावोगावचे लोक उठले आणि जानेवारी 2007 मध्ये शासनाला तो मागे घ्यावा लागला. त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा प्रमुख सहभाग असलेल्या कार्यगटाने 2021 पर्यंतचा नवा आराखडा करताना नकाशे पंचायतींकडे पाठविले, आणि रविवारच्या ग्रामसभांतून शेते, खाजने, डोंगर, मंदिरे, चर्च, तळी यांवर गावकऱ्यांनी आपापल्या नोंदी केल्या. भारतात प्रादेशिक नियोजनात इतक्या खालपर्यंत जाण्याचे प्रयत्न फार थोडे झाले असतील. परंतु 2012 साली तोही आराखडा स्थगित ठेवण्यात आला. लोकांनी सांगितलेले बाजूला ठेवताना त्याची सविस्तर कारणे गावागावाला लेखी कळवावीत असे बंधन नसल्यामुळे, सभेत घालविलेले ते रविवार कोणत्या हिशेबात जमा झाले हे गावकऱ्याला समजू शकले नाही. आरंभी विचारणे जितके आवश्यक, तितकेच शेवटी उत्तर देणे आवश्यक आहे.

बाहेरच्या देशांकडे पाहता स्कॉटलंडचे उदाहरण मला बोधप्रद वाटते. 1973 च्या कायद्याने तेथे वस्तीवस्तीच्या लोकपरिषदा स्थापन करण्याची सोय झाली. आपल्या वस्तीचे मत समजून घेऊन ते स्थानिक प्राधिकरणापुढे मांडणे हे त्यांचे विहित कार्य. त्यांच्या हाती कर नाही, मोठा निधी नाही. पण बांधकाम-नियोजनाच्या अर्जांवर त्यांचे मत घेतले जाण्याचा हक्क कायद्याने त्यांना आहे. उलट केरळात 1996 साली सुरू झालेल्या लोकयोजनेने राज्याच्या योजना-खर्चाचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग स्थानिक संस्थांकडे सोपविला आणि ग्रामसभांतून गरजांची यादी करविली. एके ठिकाणी मत देण्याचा हक्क पक्का, दुसरे ठिकाणी पैशाचा वाटा पक्का. महाराष्ट्राने या दोहोंची सांगड घालावी.

ती कशी घालावी याविषयी चार गोष्टी सुचवून मी हे विवेचन आटोपते घेतो. पहिली, सभेचा टापू लहान असावा. शहरात क्षेत्रसभा प्रत्यक्ष भरवावी. आणि गावातही दूरच्या वाडीला, पाड्याला आपली स्वतंत्र सभा मागता यावी. आदिवासी भागातील पंचायतींसंबंधीच्या पेसा कायद्याखालील 2014 च्या नियमांनी राज्यातील 13 जिल्ह्यांच्या अनुसूचित क्षेत्रांत पाड्याला हा मार्ग खुला केला आहे. तो इतरत्रही विस्तारावा. दुसरी, कागद आधी मिळावा. विषय, खर्चाचा अंदाज, जागेचा नकाशा आणि पर्याय ही मराठीत, समजेल अशा भाषेत, सभेच्या किमान पंधरवडाभर आधी फलकावर व घरोघर पोहोचावीत. नगररचनेचे नकाशे सर्वेक्षणाच्या टप्प्यावरच वस्तीत लावले जावेत आणि त्यांची रुजुवात रहिवाशांकडून करून घ्यावी. तिसरी, दुर्बलाच्या बोलण्याची हमी असावी. महिला सभेचा ठराव मुख्य सभेत प्रथम वाचला जावा, दलित व आदिवासी वस्तीत जाऊन बैठक घ्यावी, मजुराला येता येईल अशी वेळ ठेवावी. चौथी, उत्तर लेखी असावे. सूचना मान्य असेल तर केव्हा व कोणत्या तरतुदीतून काम होईल, अमान्य असेल तर कोणत्या कारणास्तव, हे पुढील सभेच्या आरंभी वाचून दाखवावे, आणि इतिवृत्तात विरोधी मताचीही नोंद व्हावी. पुणे नगरपालिकेत व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागताच्या खर्चाला जोतीराव फुले यांनी एकट्याने विरोध केला आणि तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे सुचविले. त्या दिवशी त्यांचे मत हरले, पण नोंद राहिली म्हणून आज आपण त्याच्यापुढे नतमस्तक होतो. विरोधाची नोंद ठेवणारी सभाच पुढील पिढ्यांना काही शिकवू शकते.

या चारही गोष्टींना फार मोठा खर्च लागत नाही, नवा कायदाही फारसा लागत नाही. लागते ती कारभाऱ्यांची इच्छा आणि रहिवाशांची चिकाटी. इच्छा वरून येईल म्हणून वाट पाहत बसण्यापेक्षा चिकाटीपासून आरंभ करणे आपल्या हाती आहे. तेव्हा येथे जमलेल्या प्रत्येकास माझी विनंती आहे. गावी राहत असाल तर येत्या ग्रामसभेची विषयपत्रिका आठवडाभर आधी ग्रामपंचायतीत जाऊन मागा, ती घरातल्या स्त्रियांसह वाचा, आणि सभेला जाऊन शेवटपर्यंत बसा. शहरी राहत असाल तर आपल्या क्षेत्रीय कार्यालयाकडे क्षेत्रसभा केव्हा भरणार असा लेखी अर्ज करा, आणि त्याची पोच घ्या. उत्तर आले नाही तर दुसरा अर्ज करा, आणि या वेळी शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. असे अर्ज जेव्हा प्रत्येक कचेरीच्या दप्तरी पडतील, तेव्हा आराखड्याआधी सभा बोलावणे कारभाऱ्यांना भागच पडेल.